सी लमीनचं नाक

ऑलिव्हचं तेल चाखणाऱ्या लोकांबद्दल मला कधीच आदर वाटला नाही. सकाळी साडेदहाला सहा जण आमच्या संस्थेच्या चाखणीच्या खोलीत येऊन आपापल्या कप्प्यात बसायचे. समोर निळ्या काचेचे छोटे पेले, निळे अशासाठी की तेलाचा रंग दिसू नये. पेला कोमट करायचा, तळहाताने झाकायचा, हुंगायचा, मग घोटभर तेल तोंडात घेऊन दातांतून फुर्रकन हवा ओढायची. एरवी कोणी जेवताना असा आवाज केला तर त्याला पानावरून उठवतील. आणि मग हे महापुरुष कागदावर लिहिणार की हे तेल खवट, हे बुरसट, याला साठवलेल्या फळाचा वास. त्या कागदावरून ठरणार, कोणाचं तेल बाटलीत जाईल आणि कोणाचं साबणाच्या कारखान्यात. फ्रान्समध्ये आठ वर्षं रसायनशास्त्रात घालवून मी माझ्या गावी, स्फाक्सला, परत आले ती हे बघायला.

अटी तर विचारूच नका. अत्तर नको, सिगारेट नको, तासभर आधी कॉफी नको, उन्हाळ्यात कानामागे मोगऱ्याची कळी खोचून आलेल्याला दारातूनच परत. एवढे नखरे नवरीचेही नसतात.

या सगळ्यांचा मुखिया सी लमीन, 'सी' म्हणजे आमच्याकडे 'साहेब'. बहात्तर वर्षांचा, डोक्यावर लाल शेशिया टोपी, बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन दूर सूस शहरात. ग्रेमदा रस्त्यावर सातव्या किलोमीटरला जुन्या बागेतल्या घरात एकटा राहायचा. कोणत्या गावचं ऑलिव्ह, किती दिवस पोत्यात पडून होतं, घाणा धुतला होता की नाही, हे तो पेल्यावरचा हात काढताक्षणी सांगायचा. लोक त्याच्याबद्दल बोलताना आवाज खाली करायचे. मला हसू यायचं. अरे, नाक आहे, पैगंबर नाही.

माझं काम साधं होतं. ही माणसं उठवायची आणि तिथे चिप बसवायची. वास येतो म्हणजे होतं काय? नाकाच्या आतल्या पातळ त्वचेत शेकडो जातींची प्रथिनं असतात. वासाचा कण आपापलं प्रथिन गाठून त्याला चिकटतो आणि मेंदूला निरोप जातो. बस, एवढंच. मेंदूच्या जागी विजेची तार आणली की झालं. कोणाच्या नाकात कोणती प्रथिनं जास्त आहेत ते शोधायचं, ती प्रयोगशाळेत पेशींमध्ये वाढवायची, नखाएवढ्या चिपवर पसरायची. कण चिकटला की वीज किंचित हलते, पडद्यावर रेघ उठते. रेघेच्या आकारावरून वास ओळखायचा. त्यासाठी साठ वासांच्या रेघा आम्ही आधीच नोंदवून ठेवल्या होत्या. तेलाचे सगळे गुणदोष, शिवाय कॉफी, नारिंगीच्या फुलांचं पाणी, लसूण, लवंग, तंबाखू, साबण, तळलेला मासा, सिलिंडरचा गॅस, म्हणजे बाहेरचं काही मिसळलं तर ते वेगळं काढता यावं.

सप्टेंबरात मी म्हाताऱ्याच्या नाकात काडी घालून नमुना घेतला. त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. रुमालाने पुसत म्हणाला, "घे पोरी, पण सगळं नेऊ नकोस. मला अजून लागतं." खोलीतले बाकीचे हसले. मी कागद पुढे केला, त्याने सही केली.

चिप विसाव्या नोव्हेंबरला तयार झाली आणि पहिल्याच दिवसापासून अचूक निघाली. पंचवीस नमुन्यांपैकी पंचवीस. आमचे संचालक, ज्यांना चिप आणि बिस्किट यातला फरक सांगता आला नसता, ते तीन दिवस माझ्या टेबलापाशी हात मागे बांधून फिरत होते. अठरा डिसेंबरला राजधानीहून पाहुणे येणार होते. त्यांना यंत्र दाखवायचं आणि पटलं तर देशभरातल्या चाखणीच्या खोल्यांना कुलपं लावायची, असं ठरलं.

काम नसेल तेव्हा चिप स्टीलच्या डबीत असायची. आतली हवा काढून शुद्ध नायट्रोजन भरलेला, झाकण पक्कं आवळलेलं. त्या डबीत वास नावाची गोष्टच नसते. रेघ सपाट राहते, आणि ती सपाट आहे ना, हे बघण्यासाठीच यंत्र दिवसरात्र चालू ठेवायचं.

आठवडाभरात सपाट रेघेवर उंचवटे दिसायला लागले. रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास कॉफी, नारिंगीच्या फुलांचं पाणी घातलेली. दुपारी एकला कधी तळलेला मासा, कधी लसूण. त्यानंतर साबण.

मी अर्थातच वजदीला धरलं. वजदी माझा साहाय्यक, चाळिशीचा, दोन मुलांचा बाप, हाताने कुशल आणि डोक्याने भाबडा. नजर लागते, स्वप्नं खरी होतात, सगळ्यावर विश्वास. मी त्याचा डबा खोलीबाहेर काढला, नंतर इमारतीबाहेर काढला. तो बिचारा थंडीत गाडीच्या सीटवर बसून जेवायला लागला. झाकणाची रबरी कडी बदलली, नळ्या बदलल्या, गॅसची टाकी बदलली. दुसऱ्या दिवशी सात वाजून बारा मिनिटांनी कॉफी. तेव्हा इमारतीला कुलूप होतं.

त्याच आठवड्यात म्हातारा पकडला गेला.

चाखणाऱ्यांची परीक्षा घ्यायला मधूनमधून न सांगता एक खराब नमुना सरकवतात. मी मुद्दाम असा निवडला होता की तेल खवट, पण घशाला झोंबणारं. चांगल्या ताज्या तेलाची ओळख म्हणजे घशातली ती झोंब, आणि ती नाकाला कळत नाही, घशालाच कळते. बाकी पाचांनी हुंगताच पेले बाजूला ठेवले. सी लमीनने तेल तोंडात घेतलं, हवा ओढली, ठसका लागला, आणि कागदावर लिहिलं, "उत्तम." त्याच्या शेजारचा म्हातारा आपल्या पेल्यातच बघत राहिला. गेले पंधरा दिवस हा मनुष्य नुसत्या घशाने चाखत होता आणि मुखियाच्या खुर्चीत बसत होता. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

त्याला घरी विश्रांती घ्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. शेशिया काढून हातात धरलेली. त्या लाल टोपीखाली डोकं एवढं लहान असेल असं मला वाटलं नव्हतं.

"तुझ्या यंत्राला कॉफी कळते का गं?"

"कळते."

"कधीपासून?"

"चालू झालं त्या दिवसापासून. वीस नोव्हेंबर."

त्याने मान हलवली. "माझी त्याच दिवशी गेली. मग मासा गेला, मग लसूण. परवा तव्यावर भाकरी जळून कोळसा झाली, डोळ्यांत धूर गेला तेव्हा कळलं. घरात मी एकटा असतो, पोरी." मग डबीकडे बघत म्हणाला, "हे आठवडाभर बंद कर. ते जे वाढवलंयस ते फेकून दे. तरी नाही आलं परत, तर मी पुन्हा तुला तोंड दाखवणार नाही."

मी त्याला सांगितलं की अठरा तारखेपर्यंत शक्य नाही, नंतर बघू. पण तेवढ्यावर थांबले असते तर ती मी कसली. "तुम्ही सत्तरी ओलांडलीत, सी लमीन. या वयात नाकं जातात. गुडघे गेले तेव्हा कोणावर आळ घेतला होता?"

"गुडघे कुठे गेले ते मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "घाण्यावर पोती उचलण्यात गेले." शेशिया घालून तो निघून गेला.

वजदीने मात्र त्याच्याशी फोनवर बोलणं चालू ठेवलं होतं, हे मला मागाहून कळलं. एका सकाळी त्याने वही पुढे केली. एका बाजूला डबीतल्या उंचवट्यांच्या वेळा, दुसऱ्या बाजूला म्हाताऱ्याने कॉफी कधी केली, हात कधी धुतले. ओळीला ओळ लागत होती. म्हाताऱ्याने कॉफी केली की सात किलोमीटर दूर, बंद डबीत, चिपला तिचा वास येत होता. त्याला स्वतःला येत नव्हता.

मी म्हटलं, वहीत भुतं लिहायचा पगार मिळतो का तुला? आणि त्याची जिरवायची म्हणून एक पाकीट चिकटवून त्याच्या हातात दिलं. आत काय आहे ते फक्त मला माहीत. सी लमीनने ते घरी बरोबर अकराला फोडायचं आणि नाकाशी धरायचं. वजदी पाकीट देऊन परत आला, आम्ही दोघं पडद्यासमोर बसलो. अकरा वाजून चार मिनिटांनी रेघ उठली. लवंग.

पाकिटात लवंगा होत्या.

वजदी माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, तू पाकीट फोडून बघितलंस. त्याने वही मिटली. मी ती नोंद पुसून टाकली. यंत्राची चूक, असं मी स्वतःला सांगितलं आणि स्वतःचं ऐकलंही.

अठरा तारीख उजाडली. पाहुणे साडेअकराला येणार होते. अकराला मी पडदा सुरू केला तर रेघ सपाट नव्हती. उंचवटाही नव्हता. हळूहळू वर जाणारी चढण होती, सकाळी पावणेदहापासूनची. यंत्राने नाव लिहिलं होतं, सिलिंडरचा गॅस.

आमच्या इमारतीत गॅसची नळी नाही.

"मॅडम," वजदी म्हणाला, "हा इथला नाही. फोन करतो."

मी म्हटलं कर. त्याने केला. घंटी वाजत राहिली. म्हाताऱ्याचा फोन नेहमी बागेकडच्या खोलीत असायचा, आणि दिवस थंडीचे, स्वयंपाकघराची दारंखिडक्या लावून बसला असणार. वजदीने पुन्हा लावला. मग म्हणाला, मी जाऊन येतो, अर्ध्या तासात परत येतो. मी त्याला सांगितलं की चारचौघांसमोर नमुने बदलायला मला माणूस लागेल, आणि आज गेलास तर उद्या येऊ नकोस. तो दारात थांबला. साडेअकरा वाजत आले तोपर्यंत थांबला. मग जाकीट उचलून निघून गेला.

रेघ चढत होती. खाली मोटारींची दारं लागल्याचा आवाज आला. कोऱ्या रेघेऐवजी पाहुण्यांना ही चढण दाखवायची? यंत्राला एक बटण असतं. चिप जुनी झाली की रेघ आपोआप थोडी सरकते, तेव्हा ते दाबायचं. आहे ती पातळी म्हणजेच शून्य, असं यंत्र धरून चालतं. आमच्या धंद्यात दिवसातून दहा वेळा दाबतात.

मी शून्य दाबलं. रेघ सपाट झाली. पाहुणे आत आले.

चार पाहुणे, चारी जण अत्तरात न्हालेले. संचालक पुढे. मी नमुने दाखवले, एकही चूक नाही. सपाट रेघ पुन्हा चढायला लागली की बोलता बोलता बोट बटणावर. तीनदा दाबलं असेन. अकरा वाजून बावन्न मिनिटांनी चिपवरच्या सगळ्या रेघा एकदम पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन आदळल्या आणि क्षणात खाली आल्या. पाहुणे दचकले. मी हसून सगळ्यात जाड पाहुण्याला म्हटलं, "साहेब, हे तुमचं अत्तर." सगळे हसले. संचालक तर डोळे पुसत हसले.

वजदी दीडला परत आला. जाकिटाला राख लागली होती. सी लमीनने दुपारची शेगडी पेटवायला काडी ओढली होती. वजदी गल्लीच्या तोंडाशी पोचला होता तेव्हा.

त्याने हे सगळं उभ्यानेच सांगितलं, पाणीसुद्धा प्यायला नाही. मग टेबलावरची आपली वही उचलली आणि गेला. आता तो माती तपासण्याच्या विभागात काम करतो. जिन्यात भेटला तर भिंतीकडे सरकतो.

दुसऱ्या दिवशी दफन झालं. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले, न जाणं वाईट दिसलं असतं. स्वयंपाकघराच्या जागी काळी भिंत होती. बायका बागेकडच्या खोलीत बसल्या होत्या. सी लमीनची मुलगी नजात दारातच उभी होती. मी तिला जवळ घेतलं. ती माझ्या खांद्यावर तोंड ठेवून म्हणाली, "बाबांना वास येणार नाही असं कसं होईल? बाबांना? तुम्ही रोज बरोबर होतात. त्यांचं नाक गेलंय हे तुम्हाला माहीत होतं का?"

"नाही," मी म्हटलं. "आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं."

तिने माझा हात दाबला आणि आभार मानले. त्या हाताची मला आजही शिसारी येते. तिच्या नाही, माझ्या.

सी लमीन गेल्यापासून चिप शांत होती. अकरा बावन्ननंतर रेघ अशी सपाट की पट्टीने ओढावी. मला वाटलं, चला, सुटलो. त्यांच्या घरून मी सरळ प्रयोगशाळेत आले, दिवसभराच्या नोंदी बघितल्या. दुपारी चार वीसला रेघ किंचित उठली होती. चार वीसला मी नजातला "नाही" म्हणाले होते. दारावरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले होते, तिच्या डोळ्यांत बघवलं नाही म्हणून.

साठपैकी कुठलाच वास नव्हता. यंत्राने लिहिलं होतं, अनोळखी. वासाच्या जोराचा आकडा शंभरात चार.

नायट्रोजन बदलला. झाकण बदललं. आकडा पाचावर आला.

ही प्रथिनं महिनाभर टिकतात, फार तर पस्तीस दिवस. जानेवारी उजाडला तेव्हा चिप मेलेली असायला हवी होती. ती जिवंत होती आणि अखंड तोच एक वास घेत होती, दिवसा, सुटीच्या दिवशी, मी घरी असताना, मी नाबुलला मावशीकडे गेले तेव्हाही. आकडा अकरा. चौदा.

काय हुंगतेय ते शोधायचं मी ठरवलं. त्याच नमुन्यातून बनवलेली दुसरी चिप शीतकपाटात होती. ती काढली आणि खोलीतली एकेक वस्तू तिच्यासमोर धरली. रबर, तेल, झाडूवाल्या बाईचं फिनाईल, खुर्ची, वजदीचा राहिलेला डगला. रेघा जुळेनात. शेवटी कंटाळून माझ्या गळ्यातला रुमाल सोडला आणि धरला.

रेघ जुळली. तो वास माझा होता. इतकी की एकीवर दुसरी ठेवली तर वेगळी दिसू नये.

मग जे येतं तेच केलं, मोजमाप घेतलं. रुमाल दोन हात लांब धरला तर आकडा वीस. हातभर अंतरावर पस्तीस. वीतभर अंतरावर साठ. कापड चिपला टेकवलं तेव्हा नव्वद.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. सांगायचं तर वजदीला सांगावं लागेल, किंवा त्या पाच चाखणाऱ्यांना, ज्यांना आता कामावरून काढलंय. जन्मभर ज्यांना हसले त्यांच्या दारात कुठल्या तोंडाने जाऊ? संचालकांनी परवा विचारलं, ही जुनी डबी अजून कशाला चालू ठेवलीय, फेकून द्या. फेकता येईल. हातोडीचा एक घाव पुरे. पण मग आकडा कळणार नाही.

जानेवारीच्या शेवटी तेवीस होता. गेल्या सोमवारी अडतीस. मी घर बदललं, बहिणीकडे राहायला गेले, तिथे तिची पोरं आहेत, गोंगाट आहे, दिवे चालू असतात. गुरुवारी बासष्ट.

आज सकाळी आले, पडदा सुरू केला, खुर्ची ओढून बसले. डबीचं झाकण पक्कं होतं.

सत्त्याऐंशी.